पुणे विद्यापीठाचं आवार : गव्हर्नरच्या बंगल्यापासून सावित्रीबाईंच्या पुतळ्यापर्यंत

दगडी_मनोरा

पावसाळा सुरू झाला की विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचे फोटो सगळीकडे फिरायला लागतात. हिरवळ, मनोरा, वर ढग आणि खाली एकच ओळ : ब्रिटिशकालीन वास्तू. पुढे काही नाही. मी या आवारात शिकलो, नंतर बरीच वर्षं इथेच शिकवलं, आणि मला हे फार खटकतं. म्हणून हा धागा काढतोय. मला जे माहीत आहे ते लिहितो, तुम्ही तुमचं घाला. इमारतींबद्दल लिहाच, पण माणसांबद्दल जास्त लिहा.

सुरुवात बंगल्याच्या आधीपासून करायला हवी. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली ती याच टापूत. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे निघून गेला होता. मागे रेसिडेन्सी जळाली, त्यात त्याची पुस्तकंही गेली. बापू गोखल्यांच्या हाताखालची फौज गणेशखिंडीच्या बाजूने मैदानात उतरली आणि दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित इथेच पडले. घोडदळाची मोठी चाल दलदलीत अडकली आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागला. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढे अर्धशतकाच्या आत याच भागात इंग्रज गव्हर्नरचा बंगला उभा राहायला लागला.

तोवर गव्हर्नर पावसाळ्यात दापोडीच्या बंगल्यात राहायचे. हिवाळ्यात मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे असं त्यांचं वर्ष ठरलेलं. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६४ साली, गणेशखिंडीत नव्या बंगल्याचं काम सुरू झालं. ते दिवस मुंबईत पैशाच्या पुराचे होते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळत नव्हता, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. बंगल्याचं बांधकाम मात्र चालूच राहिलं. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने इटालियन धाटणीची इमारत आखली होती, ती फ्रिअर गेल्यावर १८७१ मध्ये पूर्ण झाली. हा ट्रबशॉ मुंबईचा कोट पाडल्यावर तिथल्या सरकारी इमारतींची आखणी करणाऱ्यांपैकी एक. बंगल्याला पाणी हवं म्हणून पाषाणच्या तलावाची सोय झाली. खर्च अंदाजाच्या पार पुढे गेला आणि त्यावर त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीच कडक टीका केली.

आता याच्या शेजारी दोन तारखा ठेवून बघा. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कापसाचा भाव पडला होता आणि सारा वाढला होता. लगेच १८७६ पासून दख्खनचा मोठा दुष्काळ. बंगल्याचा मनोरा तेव्हा अगदी नवा होता. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा सरकारनियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग येतं १८९७. या आवाराबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी या सालाची सांगितली असती.

पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई आजारी माणसं शोधून, उचलून, दत्तक मुलगा डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या गेल्या, त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तोच प्लेग आटोक्यात आणायला रँड या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गोरे सोजीर घराघरांत शिरले, माणसं बाहेर काढली, देवघरांपर्यंत गेले. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ याच बंगल्यात होता. रात्री पाहुणे परतायला लागले, गणेशखिंडीच्या रस्त्यावर “गोंद्या आला रे” ही खुणेची हाक आली, आणि दामोदर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीतल्या आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्याला बाळकृष्ण चाफेकरांनी टिपलं. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. पुढे तिघे चाफेकर बंधू फासावर गेले.

एकाच शहरातली एकच साथ. तिच्यात एक बाई रोग्याला पाठीवर घेऊन चालत होती आणि इथे दिवाळीसारखी रोषणाई चालली होती. आज त्या बाईंचं नाव या सगळ्या आवाराला आहे. २०१४ मध्ये नामविस्तार झाला आणि २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात त्यांचा पूर्णाकृती पुतळा बसला. फोटो काढताना हे कुणाला आठवत असेल तर मला फार बरं वाटेल.

विद्यापीठ म्हणून सुरुवात कशी झाली तेही थोडक्यात लिहितो. १८५७ पासून इकडची सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं का, हे ठरवायला १९४२ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू जयकरच. पहिले काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाउसमधून चालला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी मनावर घेतलं आणि गणेशखिंडीचं हे आवार, चारशे एकरांवर जमीन, विद्यापीठाला मिळालं. राजभवनासाठी थोडा भाग बाजूला ठेवला, तो आजही शेजारी आहे. नव्या सरकारला हा बंगला स्वतःच्या थाटासाठी सहज ठेवून घेता आला असता. त्यांनी तो विद्यार्थ्यांना दिला, याबद्दल मला खेर आणि जयकर या दोघांविषयी मनापासून आदर आहे.

आता तुम्ही लिहा.

खडकी_बाजार

सर, एका दमात वाचलं. १८९७ चा असा विचार कधी केला नव्हता. आमच्या शाळेत चाफेकर एका धड्यात आणि सावित्रीबाई दुसऱ्या धड्यात. दोघांच्या मध्ये साडेतीन महिन्यांचं अंतर आहे हे कुणी सांगितलंच नाही.

एक प्रश्न. मुख्य इमारतीखाली भुयार आहे ते शनिवारवाड्यापर्यंत जातं असं आम्ही लहानपणी ऐकायचो. खरं काय आहे?

मुळाकाठची

धागा बघून राहवलं नाही. माझं बालपण आवारातल्या कर्मचारी वसाहतीत गेलं. वडील परीक्षा विभागात होते.

सर, तुम्ही माणसांबद्दल लिहा म्हणालात म्हणून लिहिते. विद्यापीठ म्हटलं की सगळे प्राध्यापकांची नावं घेतात. आमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षा विभाग. तेव्हा जळगाव आणि धुळेसुद्धा पुणे विद्यापीठाखालीच होतं. निकालात काही घोळ झाला, मार्कलिस्टवर नाव चुकलं, स्थलांतर प्रमाणपत्र हवं असलं की पोरं रात्रीच्या एसटीने निघायची आणि सकाळी सकाळी शिवाजीनगरला उतरून चालत किंवा पीएमटीने फाटकाशी येऊन बसायची. ऑफिस उघडायला वेळ असायचा. वडील कामावर जाता जाता कुणाचा कागद बघायचे, अर्ज कसा लिहायचा ते सांगायचे. पावसाळ्यात अशी एक-दोन मुलं आमच्या व्हरांड्यात डबा खाताना मी कितीदा पाहिली आहेत. चोपड्याचा, शिरपूरचा, नंदुरबारचा मुलगा. त्यांच्यासाठी पुणं म्हणजे ते एक खिडकी असलेलं ऑफिस.

१९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं तेव्हा वडिलांना आनंद झाला होता. “आता त्या पोरांना एवढं लांब यायला नको,” म्हणाले होते. कामाचे गठ्ठे कमी होणार याचा नव्हे, त्या प्रवासाचा विचार त्यांच्या मनात होता.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिवणारे, लाखेचं सील लावणारे, रात्रपाळीचे पहारेकरी, बागेतले माळी, सगळे शेजारी शेजारी राहायचे. गणपतीत एकत्र आरती. आवारात मोर होते, पहाटे ओरडायचे, पाहुण्यांची झोप मोडायची, आम्हाला काही वाटायचं नाही.

दगडी_मनोरा

ताई, नेमकं हेच हवं होतं. तुमच्या प्रतिसादाला थोडी जोड देतो. सुरुवातीला पुणे विद्यापीठाचं क्षेत्र १२ जिल्ह्यांचं होतं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, दक्षिणेकडचे जिल्हे तिकडे गेले. उरले पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव. १९९० नंतर पहिले तीनच. म्हणजे महाराष्ट्राच्या मोठ्या भागातल्या आजच्या आजोबांच्या पदवीवर या आवाराची मोहोर आहे.

@खडकी_बाजार, भुयार आहे, पण शनिवारवाड्याशी त्याचा काही संबंध नाही. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळं होतं. नोकरांनी पाहुण्यांच्या नजरेला न पडता ये-जा करावी म्हणून केलेली ती खालची वाट. मला ती दंतकथेपेक्षा जास्त बोलकी वाटते. वर दिवाणखान्यात मेजवानी चाललेली असायची आणि ताटं घेऊन जाणारी आपली माणसं जमिनीखालून चालायची. त्यांतल्या एकाचंही नाव कुठल्या फलकावर नाही.

पाणिनीय

छान धागा. विद्येच्या बाजूने थोडं लिहितो.

पहिल्या काही वर्षांत पुणे विद्यापीठ फक्त गणेशखिंडीत नव्हतं, शहरभर होतं, आणि त्याचा फायदा झाला. पुरातत्त्व डेक्कन कॉलेजात सांकलियांकडे, अर्थशास्त्र गोखले इन्स्टिट्यूटमध्ये, परकीय भाषा आणि पुढे पत्रकारिता फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. जुन्या संस्थांनी आपली माणसं आणि ग्रंथालयं नव्या विद्यापीठाला दिली. नवं विद्यापीठ रिकाम्या बंगल्यात सुरू झालं तरी त्याच्या मागे एवढी पूर्वपुण्याई उभी होती.

संस्कृतात रा. ना. दांडेकर. ते भांडारकर संस्थेचे सचिव आणि विद्यापीठात संस्कृत-प्राकृत विभागाचे प्रमुख. १९६४ मध्ये संस्कृत प्रगत अध्ययन केंद्र सुरू झालं तेही त्यांच्याच हाताखाली. शि. द. जोशींसारखे वैयाकरण इथे होते. पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याच्या एका आह्निकावर, म्हणजे प्रकरणावर, चर्चा सुरू झाली की जपानी, जर्मन, अमेरिकन विद्यार्थी आणि वाईच्या पाठशाळेतून आलेला एखादा शास्त्री एकाच टेबलाभोवती बसलेले असायचे. शास्त्र्यांना इंग्रजी येत नसे, परदेशी विद्यार्थ्यांना मराठी येत नसे, मग वाद संस्कृतात चालायचा. अशी जागा जगात किती ठिकाणी असेल!

विज्ञानाकडचं जाणकारांनी लिहावं. रसायनशास्त्रात हरी जीवन अर्णीकर होते. पॅरिसला जोलिओ-क्युरी पतिपत्नींच्या प्रयोगशाळेत काम करून आलेला हा माणूस इथे अणुरसायन शिकवत होता. वनस्पतिशास्त्रात महाबळे.

झाडपाला

महाबळ्यांचं नाव आलं म्हणून लिहितेच :)

इमारतींइतकाच झाडांचा इतिहास आहे. आवारात गोरखचिंचेची जुनी झाडं आहेत. मूळची आफ्रिकेची, एवढ्या बुंध्याची की चार-पाच जणांनी हात धरून कवेत घ्यावी लागतात. पावसाळा सोडला तर बराच काळ निष्पर्ण, त्यामुळे नवख्याला वाटतं झाड वाळलंय. वड, महोगनी, रेन ट्री, बुचाची रांग. बुचाची फुलं पडायला लागली की सत्रपरीक्षा जवळ आली, हे आमचं पंचांग.

गव्हर्नरच्या बंगल्याबरोबरच गणेशखिंडीत १८७३ मध्ये वनस्पती उद्यान झालं. ते आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. तिथली आंब्याची झाडं फार जुनी आहेत आणि शेतकऱ्यांना तिथून आजही कलमं मिळतात. २०२० मध्ये या उद्यानाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शहराच्या मधोमध असं काही उरलंय हे पुष्कळ पुणेकरांना ठाऊक नाही.

रस्तारुंदी आणि मेट्रोसाठी गणेशखिंड रस्त्यावरची जुनी झाडं गेली तेव्हा मी रडले होते. मेट्रो हवी, मान्य. पण शंभर वर्षांच्या झाडाच्या जागी लावलेलं रोप आपल्या नातवंडांनाही सावली देईल की नाही शंका आहे. आवाराच्या आत जे शिल्लक आहे त्याची नोंद तरी नीट व्हावी, प्रत्येक झाडाला नाव आणि वय असावं.

प्रवरेकाठी

मी नगर जिल्ह्यातला. विद्यापीठात एमएला आलो तेव्हा घरून पैसे येण्याची शक्यताच नव्हती. “कमवा व शिका” होती म्हणून शिकलो. ही कर्मवीर भाऊराव पाटलांची कल्पना, साताऱ्याकडून सगळ्या महाराष्ट्रात गेली. आमच्या योजनेला नावही त्यांचंच.

सकाळी बागेत काम. खुरपणी, पाणी घालणं, पालापाचोळा गोळा करणं. काही जणांना ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम मिळायचं, ते नशीबवान. तिथून धावत वसतिगृहावर, आंघोळ, मग तासाला. रिफेक्टरीत जेवण. संध्याकाळी जयकर ग्रंथालयात जागा धरायची. जागा धरणं हा गंभीर विषय होता. एमपीएससीवाले पहाटेच येऊन बसायचे. बाहेर अनिकेत कँटीनला चहा, तिथे चर्चा. कुणाचा मुख्य परीक्षेचा निकाल लागला की सगळ्या टेबलांना चहा.

पहिले काही दिवस लाज वाटायची. वर्गातल्या मुली त्याच रस्त्याने जायच्या आणि मी हातात खुरपं घेऊन बसलेलो. मग विभागातले एक सर सकाळी फिरायला येताना थांबले, शेजारी बसले, गावाकडे पाऊस कसा आहे विचारलं, आणि त्या दिवसाच्या तासाचा विषय तिथेच बोलायला लागले. सगळ्यांच्या देखत. त्यानंतर लाज गेली ती गेलीच.

मुख्य इमारतीसमोरच्या ज्या हिरवळीचे फोटो निघतात, तिच्यावर अशा शेकडो पोरांचा घाम आहे. मनोरा सरांनी जमिनीखालून चालणाऱ्या नोकरांबद्दल लिहिलं ते वाचून हे लिहावंसं वाटलं. आम्ही त्याच बागेत काम केलं, पण काम संपल्यावर पुढच्या दाराने आत जाऊन पदवी घेतली.

मुळाकाठची

प्रवरेकाठी, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांचं वय झालंय, फारसं बोलत नाहीत. “त्या पोरांचे अर्ज कधी अडवले नाहीत आम्ही,” एवढं म्हणाले.

एक_पुणेकर

सगळं वाचलं, चांगलं आहे. पण मनोरा यांच्या लेखातल्या एका सुराशी असहमत. इमारत बांधणाऱ्या सत्तेचा हिशोब मांडावा, जरूर मांडावा. म्हणून इमारतीचं कौतुक करणाऱ्यांना आपण खाली बघायला लावू नये. ते दगड इथल्याच खाणींतले, घडवणारे पाथरवट आणि गवंडी आपलेच. कमानी, जिना, मनोऱ्याचं प्रमाण हे बघण्यासारखं काम आहे. मला तर वाटतं, इमारतीचा फोटो काढणारा पोरगा उद्या तिच्याबद्दल वाचेल. सुरुवात डोळ्यांना आवडण्यापासूनच होते.

दुसरं, नामविस्ताराच्या वेळी “पुणे विद्यापीठ हेच नाव पुरे” म्हणणारे सगळेच सावित्रीबाईंच्या विरोधात नव्हते. अनेकांना आपल्या पदवीवरच्या जुन्या नावाची माया होती. तीही समजून घ्यावी.

दगडी_मनोरा

पाथरवटांचा मुद्दा अगदी मान्य आणि तो मूळ लेखात असायलाच हवा होता असा आहे. ती इमारत सुंदर आहे. मी आयुष्यभर तिच्याकडे बघत आलोय, आणि तिची पडझड झाली तर सर्वांत आधी मीच आरडाओरडा करीन. सौंदर्याबद्दल माझी तक्रार नाही. तिथे थांबण्याबद्दल आहे.

नावाबद्दल मात्र मी ठाम आहे. भिडेवाड्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तिथे शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं गेलं. त्याच शहराच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळायला स्थापनेनंतर ६५ वर्षं लागली. “पुणे” हा शब्द गेलेला नाही, तो नावात आहेच. जुन्या नावाची माया मलाही आहे, माझ्याही पदवीवर तेच आहे. पण प्रवरेकाठींसारखी मुलं आणि मुळाकाठची ताईंच्या व्हरांड्यातली मुलं ज्यांच्यामुळे इथवर पोचली, त्यांचं नाव दारावर असणं मला त्या मायेपेक्षा मोठं वाटतं.

अंगणमंच

ललित कला केंद्राचं कुणीच लिहिलं नाही! १९८७ पासून “गुरुकुल” म्हणून चालू आहे. नाटक, संगीत, नृत्य. सतीश आळेकर बरीच वर्षं प्रमुख होते. विद्यापीठात नाटक शिकवता येतं, तेही पदवीसाठी, हे घरच्यांना पटवताना आमची दमछाक व्हायची. अंगणमंचावर रात्री उशिरापर्यंत तालमी आणि शेजारच्या झाडांवर वटवाघळं. एका बाजूला तबल्याचा रियाज, दुसऱ्या बाजूला कुणीतरी स्वगत घोकतंय. अभिनयाइतकंच आम्ही तिथे झाडायला, मंच उभारायला, दिवे लावायला शिकलो.

आकाशदर्शक

आयुकाबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, आणि आता नारळीकर सर नसल्यामुळे तर लिहायलाच हवं.

१९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठ संशोधन संस्था स्थापन झाली, जयंत नारळीकर पहिले संचालक. इमारतीची रचना चार्ल्स कोरियांची. बाहेरच्या भिंती बघा. खाली इथलाच काळा दगड, त्यावर त्याहून काळा कडाप्पा, आणि अगदी वर गुळगुळीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. आतल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. फुकोचा लंबक आहे, त्याच्याकडे शांत बघत राहिलं की पृथ्वी फिरते हे डोळ्यांना कळतं. २८ डिसेंबर १९९२ ला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्थेचं लोकार्पण झालं. आवारात न्यूटनच्या झाडाच्या वंशातलं सफरचंदाचं रोपही लावलं होतं. पुण्याच्या हवेत सफरचंद, पण लावलं हे महत्त्वाचं.

सहीसाठी वही पुढे केली की सर सही द्यायचे नाहीत. “पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी सही करून उत्तर देतो” म्हणायचे आणि खरंच उत्तर द्यायचे. माझ्याकडे असं एक कार्ड आहे. मी विचारलं होतं, विश्वाच्या बाहेर काय आहे. उत्तर चार ओळींचं, मराठीत, सातवीच्या मुलाला कळेल असं. मी पुढे इंजिनिअर झालो, खगोलशास्त्राकडे गेलो नाही. पण प्रश्न विचारायला भीती वाटत नाही, ते त्या कार्डामुळे.

शेजारी एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली. नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण तिचीच. आणि सीडॅक ही संगणक संशोधन संस्था. परदेशाने महासंगणक द्यायला खळखळ केली म्हणून विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० तयार केला. गणेशखिंडीचा हा भाग बघायचा राहून जातो, कारण सगळे मुख्य इमारतीपाशीच वळतात.

पाणिनीय

आकाशदर्शक, सुंदर. एक भर घालतो. या विद्यापीठाचे दोन कुलगुरू केंब्रिजचे रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले, होते, रघुनाथराव परांजपे आणि गणेश सखाराम महाजनी. परांजपे तर १८९९ चे सीनिअर रँग्लर, म्हणजे सर्वांत पहिले आलेले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. नारळीकरांचे वडील विष्णुपंत आणि स्वतः नारळीकर हेही रँग्लर. गणिताची ही परंपरा फर्ग्युसनच्या टेकडीवरून गणेशखिंडीत आली, असं मला वाटतं.

बाकी कुलगुरूंची यादी म्हणजे महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाची ओळखपरेडच आहे. दत्तो वामन पोतदार, काकासाहेब गाडगीळ (पदावर असतानाच गेले), धनंजयराव गाडगीळ, हरिभाऊ पाटसकर, देवदत्त दाभोलकर, राम ताकवले, वसंत गोवारीकर. इतिहासकार, राजकारणी, अर्थतज्ज्ञ, कायदेपंडित, शास्त्रज्ञ. यांतल्या प्रत्येकावर वेगळा धागा निघेल.

नवीन_विद्यार्थिनी

मी बारावीत आहे, नाशिकला. पुढच्या वर्षी पुण्यात यायचं आहे. धागा वाचून आत्ताच यावंसं वाटतंय. बाहेरच्या माणसाला यातलं काय काय बघता येतं?

आकाशदर्शक

ये की! शाळेतल्या मुलांसाठी आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चंद्रशेखर सभागृहात व्याख्यान असतं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, तेव्हा आयुका सगळ्यांसाठी खुली असते. लवकर ये, रांग मोठी असते. आधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळ बघून घे.

मुळाकाठची

आणि मुख्य फाटकातून आत आलीस की रिक्षा करू नकोस, चालत ये. कुठल्याही माळीकाकांना गोरखचिंच कुठे आहे विचार, ते दाखवतील. मुख्य इमारतीत कुलगुरूंचं कार्यालय आहे त्यामुळे आत सहज सोडत नाहीत, पण बाहेरून बघता येते आणि सावित्रीबाईंचा पुतळाही बघता येतो. भूक लागली तर अनिकेत.